साल्साच्या ग्रुपवर ठरतं ते सगळ्या नाचणाऱ्यांचं मत असतं का?

ऐरोलीची

नमस्कार. मी ४६ वर्षांची, ऐरोलीत राहते. गेली पाच वर्षं दर रविवारी संध्याकाळी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ठाण्याला जाते आणि नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये साल्सा शिकते. आठवड्यातले ते दीड तास माझे एकटीचे असतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

ठाणे-नवी मुंबईत साल्सा आणि बचाटा (हाही जोडीने करायचा लॅटिन नाच) नाचणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चारशेच्या आसपास माणसं. दिवाळीनंतर तिथे ‘ऑन वन की ऑन टू’ हा वाद पेटला. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साल्साचं आवर्तन आठ मात्रांचं. एक-दोन-तीनला पावलं, चौथ्याला थांबायचं, पाच-सहा-सातला पावलं, आठव्याला पुन्हा थांबायचं. दिशा बदलणारं पाऊल, म्हणजे ब्रेक, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाकलं की ऑन वन. ही लॉस एंजेलिसची पद्धत, आणि आपल्याकडे बहुतेकांनी सुरुवात हिच्यावरच केलेली असते. दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर ब्रेक घेतला की ऑन टू, न्यूयॉर्कची. १९५० च्या दशकात तिथल्या पॅलेडियम बॉलरूममध्ये मॅम्बो हा साल्साच्या आधीचा नाच गाजला. त्याच परंपरेतून एडी टॉरेस या नृत्यशिक्षकांनी ही मोजणी शिकवायला सोपी करून मांडली.

ग्रुपवर महिनाभर एकच सूर होता: ऑन टू हाच खरा साल्सा, बाकी कवायत. जानेवारीत आमच्या सरांनी सगळ्या बॅच ऑन टूवर नेल्या. ‘लोकांचीच मागणी आहे,’ म्हणाले.

आम्ही २६ जण होतो. मार्चअखेर ११ उरलो. साठी ओलांडलेले एक काका होते, त्यांना पाय बसवायलाच दोन वर्षं लागली होती. ते पहिल्या महिन्यात गेले. ड्यूटी संपवून थेट हॉलवर येणारी एक नर्स होती. कळव्याचं एक जोडपं होतं, मुलाला आजीकडे ठेवून यायचं. मी एकेकाला फोन केला. २६ पैकी ९ जण त्या ग्रुपवर होते. तिथे कधी काही लिहिलेले दोघे, आणि ऑन टू मागणारा त्यांच्यातही कुणी नाही. मागणी करणारी दहा-बारा नावं मी परत वर जाऊन वाचली. त्यांतलं एकही माणूस आमच्या हॉलची पायरी चढलेलं नाही.

ऑन टूशी माझं भांडण नाही. कोंगा या ढोलावरची दुसऱ्या मात्रेची थाप आणि आपलं पाऊल एकत्र पडलं की अंगावर काटा येतो, हे मी अनुभवलं आहे. मला विचारायचंय ते असं: तो ग्रुप म्हणजे इथे नाचणारी माणसं का? आणि नसेल, तर त्याच्या शब्दाला इतकं वजन कुठून येतं?

घुंगरू, कोपरखैरणे

ताई, तुम्ही फोन करून माणसं मोजलीत, ते फार बरं केलंत.

मी कथक शिकवते. कोपरखैरण्यात घरीच क्लास आहे, मुली सात ते सोळा वर्षांच्या. कथकचेही ऑनलाइन ग्रुप आहेत. लखनौ घराणं की जयपूर, अमुक तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) कुणाची, अशी चर्चा रात्री एकपर्यंत चालते आणि मला ती आवडते. पण माझ्या मुलींपैकी किंवा त्यांच्या आयांपैकी कुणीही तिथे नाही. माझ्या क्लासचं वर्ष ठरतं गांधर्व महाविद्यालय या संस्थेच्या परीक्षांवर. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, प्रत्येकीचा अभ्यासक्रम छापलेला. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, त्या परंपरेतली ही संस्था, आणि आपल्या वाशीत तिची वास्तू आहे. अभ्यासक्रमावर माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. पण तो लेखी आहे. कोणता तोडा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, कोणत्या वर्षी, हे पालकालाही वाचता येतं, आणि पटलं नाही तर पत्र लिहायला पत्ता आहे. तुमच्या ग्रुपने जे ठरवलं ते कुणी ठरवलं? पत्र कुणाला पाठवणार? मला त्यातली खरी अडचण ही वाटते.

ऑनलाइनचा परिणाम माझ्याकडेही झाला, पण वेगळ्या वाटेने. २०२० मध्ये सगळं झूमवर आलं. आवाज मागे-पुढे पोचायचा, त्यामुळे मुलींच्या तत्कारासोबत, म्हणजे पायांच्या कामासोबत, तबला ठेवणं अशक्य झालं. मग प्रत्येकीने आपापल्या फोनवर लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी फिरती धून, लावून रियाज सुरू केला. टाळेबंदी संपली, लेहऱ्याचं ॲप राहिलं. त्यावर कुणी वाद घातला नव्हता, मत मागितलं नव्हतं, आणि तरी माझ्या क्लासमध्ये एवढा मोठा बदल दुसऱ्या कशाने झालेला नाही. वाजवणाऱ्याकडे बघत नाचायची सवय मुलींना राहिली नाही, याचं मला दुःख आहे.

दिवाळे गावचा

साल्सातलं मला कळत नाही. पण ‘इथे नाचणारी माणसं’ म्हणालात म्हणून लिहितो.

बेलापूरजवळच्या आमच्या गावात एका हळदीला बेंजो लागला की रात्री जेवढी माणसं नाचतात, तेवढी तुमच्या ग्रुपवर नावं नसतील. त्यात बँकवाली आहे, मासळी विकणारी आहे, नववीतला पोरगा आहे. कुणी क्लास लावलेला नाही. मोजायचंच असेल तर आम्हालाही धरा.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. कोळी नाच म्हणून इंटरनेटवर जो दिसतो तो स्टेजवरचा. चापून नेसलेलं लुगडं, हातात टोपली, पोरांच्या हातात वल्हं, सगळे एका रेषेत. सोसायट्यांच्या गणपतीत तोच बसवतात. तोही मेहनतीचा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण माझी आत्या गौरीच्या रात्री जो फेर धरते, त्यात रेषा नसते, प्रेक्षकही नसतो. जी दमते ती बाहेर येते, दुसरी आत शिरते, गाणं चालूच. त्याचं कुणी शूटिंग केलेलं नाही, म्हणून तो कुठे दिसत नाही.

गेल्या वर्षी माझी भाची फोनवर बघून स्टेजच्या स्टेप शिकून आली आणि गौरीला म्हणाली, ‘आपण रांगेत उभं राहू.’ आत्या राहिली उभी, लेकीच्या लेकीसाठी. त्या रात्री फेर झाला नाही. म्हणजे इंटरनेटवरची जी माणसं आत्याला ओळखतही नाहीत, त्यांनी आत्याचा नाच बदलला. वजन कुठून येतं विचारलंत ना ताई? आमच्या घरात ते पोरीच्या हौसेतून आलं. तिला तरी कसं रागवायचं.

शनिवारचा सोशल

मी त्या ग्रुपवरचाच आहे. दहा-बारा नावांतलं एक माझं आहे.

वजनाबद्दल मला ठाऊक आहे ते सांगतो, कारण मी वाशीत महिन्यातून एक सोशल, म्हणजे सगळ्यांनी जमून नाचायची पार्टी, भरवतो. हॉलचे पैसे आधी भरावे लागतात. ग्रुपवर पोस्ट टाकली की पहिली तीस तिकिटं त्याच लोकांची निघतात जे तिथे रोज बोलतात. बाकीचे दारावर येतात, किंवा येत नाहीत. मग डीजेला गाणी सांगताना, वर्कशॉपला कुणाला बोलवायचं ठरवताना डोळ्यासमोर तेच तीस जण असतात. तुमच्या सरांचंही तसंच झालं असणार.

ग्रुपमुळे चुकीचं चित्र कसं तयार होतं याचं बचाटा हे मला दिसलेलं मोठं उदाहरण आहे. आमच्याकडे बचाटा म्हणजे सेन्शुअल, जोडीदाराला जवळ धरून करायचा, असंच नवीन माणूस समजतो. ती शैली स्पेनमधल्या कादिसची, कोर्के आणि ज्युडिथ यांनी घडवलेली. मूळ बचाटा डोमिनिकन रिपब्लिकचा. युनेस्कोने २०१९ मध्ये वारसा म्हणून नोंदवला तो तिथला. त्यात पायांचं काम जास्त, अंग मोकळं. त्याचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर कुणी टाकत नाही, म्हणून इथे तो शिकवायलाही कुणी धजत नाही. अनेक बायका जवळच्या पकडीमुळे बचाटा सोडतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की दुसरा बचाटा आहे.

एक मात्र नोंदवतो. मी २०१२ मध्ये पनवेलमध्ये एकटा, व्हिडिओ बघून बेसिक शिकलो. अनोळखी माणसांनी ऑनलाइन चुका सांगितल्या, म्हणून आज नाचतो आहे. ते ऋण मी विसरणार नाही. पण ‘बाकी कवायत’ हे वाक्य माझं होतं, ताई. तुमच्या काकांना दोन वर्षं लागली होती, हे वाचल्यावर ते मी ग्रुपवर मागे घेतलं आहे.

ऐरोलीची

तिघांचेही आभार. शनिवारचे दादा, तुमचा मेसेज ग्रुपवर पाहिला. मनापासून धन्यवाद.

हा धागा सरांना दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मला फोन करायला कुणी नव्हतं, आणि ग्रुप रोज समोर होता.’ हे प्रामाणिक उत्तर आहे. आता ठरलंय ते असं: पहिला पाऊण तास ऑन वन, मग पाणी, मग ज्यांना हवं त्यांना ऑन टू. आणि दर तीन महिन्यांनी हॉलमध्ये कागदाच्या चिठ्ठ्या, नाव न लिहिता.

नर्सची सध्या रविवारी रात्रपाळी आहे, ती जूनपासून येईल. कळव्याच्यांचं अजून नक्की नाही. काकांना मी पुन्हा फोन केला तेव्हा ते म्हणाले, बूट भाच्याला देऊन टाकले. परवा आम्ही दोघं गोखले रोडला जाऊन नवीन घेतले, चामड्याच्या तळव्याचे.

दिवाळ्याचे दादा, यंदा गौरीला मी येऊ का? बाहेर उभी राहणार नाही. दमेपर्यंत फेरात राहीन.