एचआरमधी सुरुवात कुठून करू? पदायचे अर्थ सांगा कोणी

ताई-दादाहो, मदत हवी आहे. मी दारव्हा तालुक्यातली, बीकॉम झाली. मले एचआरमधी, म्हणजे कंपनीतल्या माणसायची भरती, हजेरी, पगार पाहणाऱ्या खात्यात, काम करायचं आहे पण जाहिरातीतली नावं वाचून डोकं गरगरते, एचआर एक्झिक्युटिव्ह, रिक्रूटर, जनरलिस्ट, टाइम ऑफिसर, मले वाटे एक्झिक्युटिव्ह म्हणजे मोठा साहेब तर चुलतभाऊ म्हणे ते सुरुवातीचंच पद असते. नागपूरजवळ बुटीबोरीले एका ठिकाणी मुलाखत दिली, पद एचआरचं सांगितलं अन् काम निघालं दिवसभर फोन करून पोरं गोळा करायचं, पगार नाही, फक्त कमिशन. मी नाही म्हटलं, बरोबर केलं ना?

मले खरी आवड हजेरी, पगारपत्रक, पीएफची आहे. बाबा कापसाच्या जिनिंगमधी सीझनले जायचे, त्यायचा पीएफ कापला का, कुठं गेला, घरी कोणालेच कळलं नाही, तवापासून हे मनात आहे. बेसिक अन् डीएच्या (महागाई भत्त्याच्या) 12 टक्के पीएफ, महिन्याले 21,000 पर्यंत पगार असला तर ईएसआयसी (कामगारायचा सरकारी विमा), एवढं शिकली, एक्सेलही येते.

तर आधी पेरोल असिस्टंट म्हणून लागू का एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एमए सारखं शिक्षण) करू? लेबर वेल्फेअर ऑफिसरले कोणतं शिक्षण लागते? इंग्रजी बोलणं कच्चं आहे, चालन का? नागपूर-अमरावतीकडं या कामात कोणी असन तर नक्की सांगा.