‘ओव्हरलोड बिट’ला मराठीत काय म्हणावे?

जालवाटा:
आयएस-आयएस या राउटिंग प्रोटोकॉलवरील (नेटवर्कमधले राउटर ज्या नियमांनी आपसांत वाटा ठरवतात, त्यांवरील) प्रशिक्षण-पुस्तिका मी मराठीत आणत आहे. ‘ओव्हरलोड बिट’साठी मी ‘अतिभार बिट’ लिहिले, त्यावर मजकूर तपासणाऱ्या अभियंत्याने हरकत घेतली. राउटर नुकताच सुरू झालेला असतो, बीजीपीचे (बाहेरच्या नेटवर्कांशी मार्गांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोटोकॉलचे) मार्ग पुरते आलेले नसतात, आणि तोवर आपल्यामार्फत वाहतूक येऊ नये म्हणून तो स्वतःच्या एलएसपीमध्ये (आपल्या जोडण्या इतर राउटरांना कळवणाऱ्या संदेशात) हा बिट १ करून ठेवतो. त्या वेळी त्याच्यावर भार मुळीच नसतो. मग ‘अतिभार’ कसे चालेल?

सह्यकडा:
अवश्य चालेल. आयएसओ १०५८९ या प्रमाणकात हा बिट आला तो मुळी राउटरची मेमरी अपुरी पडून लिंक-स्टेट डेटाबेस, म्हणजे नेटवर्कचा नकाशा, मावेनासा झाला, तर इतरांना ते कळावे यासाठी. आज देखभालीपूर्वी तो आपणच लावतो, म्हणजे उपयोग बदलला. इंग्रजीने जुने नाव टाकलेले नाही, मग मराठीनेच का टाकावे?

मूळाक्षर:
कारण शिकणारा नावावरूनच अर्थ लावतो. बिट लागला की इतर राउटर एसपीएफ (सर्वांत कमी किमतीची वाट) काढताना त्या राउटरमधून पलीकडे जाणारी वाट धरत नाहीत, मात्र त्याच्या लूपबॅक पत्त्यापर्यंत (राउटरच्या स्वतःच्या पत्त्यापर्यंत) पोहोचता येते, म्हणूनच देखभाल चालू असताना त्यावर लॉगिन करता येते. ‘रस्ता बंद, फक्त रहिवाशांच्या वाहनांना प्रवेश’ या पाटीचेच हे काम आहे. मी ‘पारगमन-मनाई’, म्हणजे आरपार जाण्यास मनाई, असे सुचवतो.

जालवाटा:
हा शब्द मला पटतो. पुढच्याच प्रकरणात ओएसपीएफ या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलचे ‘मॅक्स-मेट्रिक’ आहे, तिथेही तोच वापरावा का?

सह्यकडा:
कृपया वापरू नये. आरएफसी ६९८७ या तांत्रिक दस्तऐवजानुसार तिथे राउटर आपल्या लिंकची किंमत ६५५३५, म्हणजे कमाल, अशी जाहीर करतो. दुसरी वाट उरली नाही तर वाहतूक त्याच्यातूनच जाते. आयएस-आयएसमध्ये बिट लागलेला असताना तशीही जात नाही. एकच शब्द दोन्हीकडे घातला, तर ऐन बिघाडाच्या वेळी अभियंता चुकीचा निष्कर्ष काढेल.

शब्दवेल्हाळ:
‘भार’ सोडू नका. ‘भृ’ म्हणजे वाहणे, धारण करणे. गवताचा भारा त्याच कुळातला. वीजटंचाईच्या काळात ‘भारनियमन’ रुजलेच ना? त्या धर्तीवर ‘भारनकार’ का नको?

मूळाक्षर:
‘भारनियमन’ रुजले ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत. आमच्या जालन्याकडे लोक आजही ‘लोडशेडिंग’च म्हणतात.

शब्दवेल्हाळ:
हे मान्य नाही. आमच्या भागात शेतीपंपाच्या वेळापत्रकामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला, आणि माझी आजी तो कधी न अडखळता वापरत असे.

सह्यकडा:
वेळापत्रकावर छापलेला शब्द आणि बोलण्यातला शब्द यांत फरक करावा लागेल. आमच्याकडे फलकावर ‘भारनियमन’ असे, पण शेतकरी एकमेकांना ‘लाईट किती वाजता येणार’ एवढेच विचारत.