प्रौढ शिक्षणाचे ‘आजीवन अध्ययन’ झाले, तेव्हा चर्चावर्गाचे काय करायचे?

सायंवर्ग:
गेली ११ वर्षे मी एका संस्थेच्या संध्याकाळच्या प्रौढ वर्गांचे काम पाहते. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी दोन तास, असा आमचा क्रम आहे. पहिल्या दिवशी वाचन-लेखन, दुसऱ्या दिवशी हिशेब आणि संगणक, आणि तिसऱ्या दिवशी ज्याला आम्ही चर्चावर्ग म्हणतो तो असतो. एखादा कायदा, एखादी बातमी किंवा आरोग्याचा एखादा प्रश्न समोर ठेवायचा, सगळ्यांनी मिळून वाचायचे आणि त्यावर बोलायचे. या तिसऱ्या दिवसाला ना परीक्षा आहे ना प्रमाणपत्र, आणि याच कारणासाठी तो बंद करून त्या जागी अल्प मुदतीचा कौशल्य अभ्यासक्रम घ्यावा, असा प्रस्ताव आता आला आहे. प्रस्तावाचा युक्तिवाद असा की प्रौढ शिक्षण ही मागील काळातील कल्पना होती, आताचा काळ आजीवन अध्ययनाचा आहे, आणि आजीवन अध्ययन म्हणजे बदलत्या रोजगारासाठी माणसाने स्वतःला सतत सज्ज ठेवणे.

मला या प्रस्तावाला विरोध करायचा आहे, परंतु केवळ त्या वर्गावर माझा जीव आहे म्हणून नव्हे. माझे प्रश्न दोन आहेत. आजीवन अध्ययनाचा अर्थ सुरुवातीपासून हाच होता का? आणि ज्याचे फलित मोजता येत नाही अशा वर्गासाठी मोजके शिक्षक आणि मोजके तास खर्च करणे कशाच्या आधारे योग्य ठरवावे?

जुनी वही:
पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे. ब्रिटनमध्ये १९१८ साली मताधिकार विस्तारला आणि मतदारांची संख्या जवळजवळ तिपटीने वाढली. त्यानंतरच्या वर्षी पुनर्रचना मंत्रालयाच्या प्रौढ शिक्षण समितीने जो अहवाल दिला, त्यात प्रौढ शिक्षण ही राष्ट्राची कायमची गरज आहे, ते नागरिकत्वाचे अविभाज्य अंग आहे आणि म्हणून ते सर्वांसाठी आणि आयुष्यभर असले पाहिजे, असे म्हटले होते. ‘आजीवन’ ही कल्पना तेथे आली ती मतदानाच्या पाठोपाठ. ज्यांच्या हाती राज्याचा निर्णय द्यायचा, त्यांना विचार करण्याची संधी आणि सवय दोन्ही मिळाली पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता.

त्याच्याही आधी, १८४४ साली, डॅनिश विचारवंत ग्रुंटविग यांच्या कल्पनेतून रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय सुरू झाले. शेतकरी कुटुंबांतील तरुणांनी तेथे एकत्र राहावे, भाषा, इतिहास आणि समाजजीवन यांवर बोलावे आणि परत शेतावर जावे, अशी ती व्यवस्था होती. डेन्मार्कच्या लोकविद्यालयांत आजही परीक्षा नसतात. परीक्षा नसलेला वर्ग म्हणजे मागासलेला वर्ग, असे कोणी म्हणत असेल तर हे उदाहरण अवश्य पुढे ठेवावे.

पुढे १९७२ साली एडगर फोर यांच्या अध्यक्षतेखालील युनेस्को आयोगाने आजीवन शिक्षण हे सर्वच शिक्षणव्यवस्थेचे सूत्र असावे असे सुचविले, आणि युनेस्कोच्याच १९९६ च्या द्लोर आयोगाने जाणण्यासाठी, करण्यासाठी, एकत्र जगण्यासाठी आणि माणूस म्हणून घडण्यासाठी शिकणे, असे चार आधारस्तंभ मांडले. तुमच्यापुढे आलेल्या प्रस्तावात यांपैकी फक्त दुसरा स्तंभ शिल्लक आहे.

शब्दांकडेही लक्ष वेधावेसे वाटते. युनेस्कोने १९७६ साली नैरोबी येथे जी शिफारस स्वीकारली, तिच्या नावात ‘प्रौढ शिक्षण’ होते. २०१५ साली तिची जागा घेणाऱ्या शिफारशीच्या नावात ‘प्रौढ अध्ययन आणि शिक्षण’ आले. आपल्या भाषेत हा फरक चटकन कळतो. शिकवणे म्हटले की शिकवणारा कोणीतरी हवा, जागा हवी, खर्चाची जबाबदारी घेणारे कोणी हवे. शिकणे मात्र ज्याचे त्याने करायचे. अध्ययनाला प्रतिष्ठा मिळाली हे चांगलेच झाले, कारण शिकणारा केंद्रस्थानी आला. तथापि शिक्षण हा शब्द मागे सरकला की त्याच्याबरोबर समाजाचे कर्तव्यही मागे सरकते, आणि मग ज्याची नोकरी गेली त्यालाच, तू वेळेवर का शिकला नाहीस, असे विचारले जाऊ लागते. मला हे मनापासून अन्यायाचे वाटते.

तुमच्या हाताशी एक आधार मात्र आहे. २०१५ च्या त्या शिफारशीत प्रौढांच्या शिक्षणाची तीन क्षेत्रे सांगितली आहेत: साक्षरता आणि मूलभूत कौशल्ये, व्यावसायिक कौशल्यांचा विकास, आणि सक्रिय नागरिकत्वासाठीचे शिक्षण. नव्या विचाराचाच दाखला द्यायचा असेल, तर तिसरे क्षेत्र वगळता येणार नाही.

दुसरी पाळी:
वरील इतिहासाशी माझा वाद नाही. परंतु कौशल्य अभ्यासक्रमाकडे इतक्या संशयाने पाहू नये, अशी माझी विनंती आहे. मी ४२ वर्षांचा असताना माझ्या हातातले यंत्र गेले आणि त्याच्या जागी संगणकावर चालणारे यंत्र आले. १९ वर्षांची हातोटी एका महिन्यात निरुपयोगी ठरली. तेव्हा मला जे शिकायचे होते ते प्रमाणपत्र देणारेच होते, कारण प्रमाणपत्राशिवाय मुलाखतीलाही कोणी बोलावत नव्हते. ज्याच्या घरी पगार येत नाही, त्याला चर्चावर्ग ही नंतरची गोष्ट वाटते, आणि तसे वाटण्यात त्याची काही चूक नाही.

मला सर्वांत जड गेले ते शिकणे नव्हे, तर त्यासाठी वेळ काढणे. वर्ग संध्याकाळी, आणि माझी दुपारची पाळी रात्री उशिरा संपायची. तीन महिन्यांत मी निम्म्याहून अधिक तास बुडवले आणि मला ‘अनियमित विद्यार्थी’ ठरवले गेले. प्रौढांना शिकण्याची ओढ नसते, असे जे लोक म्हणतात, त्यांनी एकदा पाळीचे वेळापत्रक आणि वर्गाचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ सालीच पगारी शैक्षणिक रजेसंबंधी १४० क्रमांकाचा करार संमत केला होता, आणि त्यात व्यावसायिक प्रशिक्षणाबरोबर सर्वसाधारण, सामाजिक आणि नागरी शिक्षणासाठीही रजा द्यावी असे आहे. म्हणजे ५० वर्षांपूर्वी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नव्हत्या. दुर्दैवाने फार थोड्या देशांनी तो करार स्वीकारला.

म्हणून एक विचारतो, राग मानू नये. तुमच्या चर्चावर्गाला कोण येते आणि कोण येत नाही, हे हजेरीपटात पाहिले आहे का? प्रौढ शिक्षणाचा लाभ आधीच अधिक शिकलेल्यांना अधिक मिळतो, हे ठिकठिकाणच्या पाहण्यांत वारंवार दिसले आहे. चर्चावर्गही त्याच वाटेने जात असेल, तर तो वाचवण्याआधी त्याची वेळ बदलावी लागेल.

पाटीपेन्सिल:
मी निवृत्त शिक्षिका आहे. आधी मुलांना आणि नंतर १४ वर्षे प्रौढांना शिकवले. माझ्या मते कौशल्य की नागरिकत्व हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे, आणि त्यासाठी मी एक उदाहरण सविस्तर सांगते.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातील जॉन्स आयलंड या बेटावर जानेवारी १९५७ मध्ये कृष्णवर्णीय प्रौढांसाठी एक वर्ग सुरू झाला. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे, आणि ही अट कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी वापरली जात होती. एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग भरे. शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन व्यवसायाने केशरचनाकार होत्या, त्यांनी पूर्वी कधी वर्ग घेतला नव्हता. शाळेतल्या मुलांचे साहित्य प्रौढांना लागू पडत नाही हे ध्यानात येताच त्यांनी ते बाजूला ठेवले आणि, तुम्हाला काय शिकायचे आहे, असे विचारले. कोणाला स्वतःची सही करायची होती, कोणाला दूर गेलेल्या मुलाला पत्र लिहायचे होते, कोणाला मागणीपत्रक भरायचे होते. तोच अभ्यासक्रम झाला. भिंतीवर मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा लावलेला होता, आणि वर्ग संपेपर्यंत तो सर्वांना वाचता यावा हे उद्दिष्ट होते. नागरी हक्क चळवळीतील शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने असे नागरिकत्व वर्ग पुढे दक्षिणेकडील अनेक राज्यांत पसरले.

त्या वर्गात मागणीपत्रक भरणे हे कौशल्य होते आणि जाहीरनामा वाचणे हे नागरिकत्व, पण ज्या अक्षरांनी एक साधले त्याच अक्षरांनी दुसरेही साधले. प्रौढ माणूस वर्गात येतो तेव्हा त्याचा रोजगार, त्याचे मत, त्याचा आजार आणि त्याचा अपमान हे सगळे बरोबर घेऊनच येतो, आणि आपण वेळापत्रकाच्या सोयीसाठी त्याचे तुकडे पाडतो. वाढत्या वयात नवे झटपट आत्मसात करण्याचा वेग मंदावतो हे खरे. तरी अनुभवातून साठलेले ज्ञान दीर्घकाळ टिकते, आणि प्रौढ त्या साठ्याच्या आधारानेच पुढचे शिकतो. तो साठा बोलल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून बोलणे हे प्रौढ वर्गात शिकवण्याचे साधनच आहे, मग विषय संगणकाचा असो वा कायद्याचा.

माझी सूचना अशी की प्रस्तावातील कौशल्य अभ्यासक्रम स्वीकारावा, परंतु त्याच्या दोन तासांतील किमान अर्धा तास त्या कामाशी निगडित प्रश्नांना द्यावा: कामाचा करार कसा वाचावा, स्वतःची वैयक्तिक माहिती कोणाला द्यावी आणि देऊ नये, यंत्राने केलेल्या निवडीला आव्हान कसे द्यावे. आणि हे विषय ठरवण्याआधी शिकणाऱ्यांना विचारावे. आतापर्यंतच्या चर्चेत त्यांना कोणी विचारल्याचे मला दिसले नाही.

सायंवर्ग:
शेवटचे वाक्य मला लागले, कारण ते खरे आहे. काल रात्री मी मागील दोन वर्षांचे हजेरीपट काढून बसले. चर्चावर्गाला नियमित येणाऱ्या १७ जणांपैकी १२ जण आधीच चांगले वाचू-लिहू शकणारे निघाले. पाळीत काम करणारे केवळ दोघे होते, आणि त्यांची नावे तिसऱ्या महिन्यानंतर दिसत नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात गळती म्हणून मोजले होते.

या गुरुवारी चर्चेचा विषय मी ठरवणार नाही. प्रस्ताव सोप्या भाषेत लिहून काढून तोच सर्वांपुढे वाचायला ठेवणार आहे, आणि त्या दोघांना निरोप पाठवला आहे. दुसरी पाळी, पाळीत काम करणाऱ्यांना आठवड्यातील कोणती वेळ प्रत्यक्षात जमू शकेल, हे आपल्या अनुभवावरून सांगाल का?

दुसरी पाळी:
पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे कोणतीही एक ठरावीक वेळ जमणार नाही. तोच पाठ एकाच आठवड्यात सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घ्या. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो येईल. त्या दोघांनाही हे निरोपातच कळवा.