सहावा माणूस सापडला म्हणून हिम्मत सिंगला सगळं माफ?

पांदणवाला

‘स्पेशल ऑप्स’ या हेरगिरीच्या मालिकेचा दुसरा सीझन २०२५ मध्ये येऊन गेला, तेव्हापासून आमच्या चौकात तिच्यातल्या हिम्मत सिंगचे भक्त वाढले आहेत. पानटपरीवर कुणी जरा गप्प बसला की पोरं त्याला ‘हिम्मत सिंग’ म्हणतात. मला मात्र पहिल्याच सीझनबद्दल भांडायचं आहे. तो माणूस खरा कळतो तो तिथंच.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, गृह मंत्रालयाचं स्टिकर लावलेल्या पांढऱ्या अँबेसेडरमधून आलेले पाच जण मारले गेले. इथपर्यंत खरं. पुढची गोष्ट मालिकेची. परदेशात हेरगिरी करणाऱ्या रॉ या सरकारी संस्थेमधला अधिकारी हिम्मत सिंग, म्हणजे के के मेनन, म्हणतो की सहावा होता आणि सगळं त्यानंच घडवून आणलं. वरचे मानत नाहीत. हा १९ वर्षं त्या सहाव्याच्या मागं राहतो, परदेशात खोट्या नावांनी पाच माणसं पेरतो, हिशेबात न बसणारा कोट्यवधींचा खर्च करतो, आणि चढ्ढा-बॅनर्जी या दोन ऑडिटवाल्यांसमोर बसून उत्तरं देतो. शेवटी सहावा सापडतो.

माझी तक्रार त्या ‘शेवटी सापडतो’वर आहे. मालिका हिम्मतला हट्टी, संशयी, घरच्यांशी खोटं बोलणारा दाखवते. छान. पण प्रत्येक अवगुणाची भरपाई लेखकानं आधीच करून ठेवली आहे. आपल्याला पहिल्या भागापासून ठाऊक असतं की हा बरोबर निघणार. मग अवगुण कसले, दागिनेच ते.

समजा सहावा नसताच. तीच १९ वर्षं, तोच पैसा, तीच पाच माणसं. मग या अधिकाऱ्याला आपण काय म्हटलं असतं? कामाला नावं ठेवायची की शाबासकी द्यायची हे निकालावर ठरवत असाल, तर तो न्याय नाही, मटका आहे.

कपाशीवाला भाऊ

बाप्पा, तुमी सिरियल पाहून राह्यले का ऑडिट करून राह्यले?

हेराचं कामच हे हाय भाऊ. धा जन म्हनतात पाच, तं एकानं म्हनाव सहा. तेवढ्यासाठीच त्याले पगार हाय. २०१७ साली आमच्या शिवारात डोमकळ्या, म्हनजे बोंडअळीनं न उमललेली कपाशीची फुलं, दिसत होत्या. बीटीले बोंडअळी लागत नाई म्हनून सांगनारे रग्गड होते, बोंड फोडून पाहनारे कमी. नंतर काय झालं ते सांगाले नको, अर्ध्या पऱ्हाटीत नांगर घातला लोकाईनं. हिम्मत म्हनजे बोंड फोडून पाहनारा मानूस. त्याले बह्याड म्हना, पन त्याच्यावाचून चालत नाई.

आन् कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीनं काय लिहिलं? गुप्तवार्तेत खोट होती असंच न? तुकडे इकडंतिकडं पडून राह्यले, जुळवनारा नोता कोनी. इथं एक जन जुळवते, तं तुमी म्हनता पावती दाखव.

पांदणवाला

भाऊ, डोमकळी तोडून तुम्ही सरपंचालाही दाखवू शकत होता, कृषी सहायकालाही. हिम्मतकडं चारचौघांना पटेल असा पुरावा कितीतरी वर्षं नसतो. म्हणून तर त्याचं कुणी ऐकत नाही. मुद्दा नेमका तोच आहे. पुरावा नसलेला हट्ट आणि पुरावा असलेला हट्ट यांत फरक ठेवणार की नाही?

जुना लेखा विभाग

दोघंही चढ्ढा-बॅनर्जींना विसरलात. मला मालिकेतली खरी माणसं तीच वाटली. जन्मभर जिल्हा परिषदेच्या वह्या तपासल्या आहेत, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.

मालिका त्यांना काहीसं खुळचट करून ठेवते. समोर शूर अधिकारी, अलीकडं चष्मा पुसणारे कारकून. पण ते विचारतात ते काय वाईट विचारतात? पैसा कुठं गेला, कुणाच्या सांगण्यावरून गेला, मिळालं काय. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मी एकदा एकाच अंगठ्याचे ठसे ओळीनं पाहिले होते. वरची नावं वेगळी, गावं वेगळी, अंगठा एक. बाभळीच्या काट्यानं चिरलेल्या जुन्या जखमेची आडवी रेघ प्रत्येक ठशात होती. विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘साहेब, काम तर झालं ना? रस्ता तर दिसतो ना?’ रस्ता खरंच दिसत होता! तुमच्या हिम्मत सिंगचं उत्तर याहून वेगळं नाही.

आता नियमाचं. सरकारी गुप्त सेवा खर्चाच्या पावत्या नेहमीच्या ऑडिटसमोर येत नाहीत. त्यासाठी नेमलेला वरिष्ठ अधिकारी वर्षातून किमान एकदा स्वतः तपासणी करतो आणि रक्कम योग्य कामी खर्च झाल्याचं प्रमाणपत्र देतो. ऑडिटकडं जातं ते प्रमाणपत्र. म्हणजे गुपितही राहावं आणि निदान एका दुसऱ्या माणसाच्या डोळ्याखालून जावं, ही सोय आधीच आहे. हिम्मतच्या बाबतीत तो दुसरा माणूस कोण, हा प्रश्न मालिकेनं टाळला आणि त्या जागी दोन बिचारे बाहेरचे आणून बसवले. नाट्य चांगलं झालं, कबूल. विनोदही.

अर्जदार

लेखाकाकांच्या मुद्द्याला जोड देतो. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम २४ आणि दुसरी अनुसूची. रॉ आणि आयबी (देशांतर्गत गुप्तवार्ता विभाग) दोन्ही या कायद्यातून वगळलेल्या आहेत. तरी तिथंही भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती वगळलेली नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. २०११ मध्ये मनीष तिवारींनी या संस्थांवर संसदेची देखरेख असावी म्हणून खासगी विधेयक आणलं होतं. पुढं काही झालं नाही.

‘देशासाठी करतो, विचारू नका’ म्हणणाऱ्यांनी २००४ चा रबिंदर सिंग आठवावा. तोही रॉचाच अधिकारी, सहसचिव दर्जाचा. तो परक्यांना माहिती देतो असा आतल्यांना संशय आला, पाळत बसली, तरी नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला.

कपाशीवाला भाऊ

तं मंग उदाहरन कोनाचं झालं? तुमचं का माहं? संशय घेनारा मानूस होता म्हनून पाळत तरी बसली न. सगळेच चढ्ढासाहेब असते तं पावत्या बरोबर हायेत म्हनून त्याले बढती देल्ली असती.

आन् राजकारन्याइच्या हाती हिशेब देल्ला की काय होते तेबी पाहा. १९७७ ले मोरारजीभाई आले आन् रॉचे पंख छाटले. ज्यानं १९६८ पासून ते खातं उभं केलं त्या काव साहेबाले जा लागलं.

अर्जदार

मोरारजींना संशय का आला तेही सांगा ना भाऊ. आणीबाणीत हे खातं घरच्याच लोकांवर वापरलं, असं त्यांना वाटत होतं. खरं असो की खोटं, तपासून पाहायला कुणी तिसरा नव्हता. तिसरा नसला की एक तर भक्ती उरते, नाही तर कुऱ्हाड.

शिदोरी_अमरावती

इतके प्रतिसाद झाले आणि त्याच्या मुलीचं नावही कुणी काढलं नाही! परी. हिम्मत सिंग तिच्यामागं माणूस लावतो. ती कुठं जाते, कुणाबरोबर बसते, सगळं त्याला फोनवर कळत असतं. आणि मालिका ते कसं दाखवते? गंमत म्हणून. बापाची काळजी म्हणून. हलकंफुलकं संगीत.

मी तालुक्याच्या कॉलेजात जायचे तेव्हा एसटी स्टँडवर आमच्या गावचा कुणी ना कुणी उभा असायचाच. रसवंतीजवळच्या बाकावर. तो घरी काय सांगतो हे मला कधी कळत नसे, फक्त संध्याकाळी जेवताना आईचा एखादा प्रश्न वेगळा यायचा. ‘आज उशिरा सुटलं का गं कॉलेज?’ एवढंच. त्यावरून मी ओळखायचे की आज बाकावर कोण होतं. बाबांचं प्रेम नव्हतं असं नाही. पण मला त्या सीनला हसू आलं नाही.

पांदणवालेदादा, तुमची कसोटी इथं लावून बघा. सहावा माणूस खरा निघाला म्हणून त्याचा १९ वर्षांचा संशय मोठा ठरतो. घरात तोच संशय आहे, तोच माणूस आहे. मग ऑफिसमध्ये तो गुण आणि घरात विनोद, असं कसं? मालिकेत धाडस असतं तर परीनं बापाला समोर बसवून चढ्ढासाहेबांसारखं विचारलं असतं.

कपाशीवाला भाऊ

ताई, बापाचं काळीज हाय ते. दिल्लीसारख्या ठिकानी, त्यात याचे दुश्मन जगभर. त्यानं मानूस नसता लावला आन् पोरीले काही झालं असतं, तं तुमीच म्हनल्या असत्या, घरचं सांभाळता येत नाई आन् देश सांभाळाले निंगाला.

शिदोरी_अमरावती

धोका असता तर तिला सांगितलं असतं, ‘बाई, अमुक माणूस तुझ्यामागं राहील.’ सांगून ठेवलेला माणूस राखणीचा. न सांगता ठेवलेला माणूस बाकावरचा.

कपाशीवाला भाऊ

हे पटलं. पन फक्त हेच.

पांदणवाला

शिदोरीताई, हे मी लिहायला हवं होतं त्याहून नेमकं आहे. के के मेननच्या चेहऱ्याचाही यात हात आहे. तो डोळ्याखाली काळं घेऊन, आवाज न चढवता खोटं बोलतो तेव्हा आपल्याला त्याचीच दया येते, ज्याच्याशी खोटं बोलला त्याची नाही. दुसरा कुणी मिशीला पीळ देणारा नट घेतला असता, तर हेच लिखाण आपण पहिल्या तासात बंद केलं असतं.

जंगलपट्टी

मी गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडचा आहे, म्हणून जरा वेगळं बोलतो.

आमच्याकडं ‘खबऱ्या’ हा शब्द चारचौघात मोठ्यानं काढत नाहीत. एखादा माणूस ठाण्याच्या दारात दिसला, सातबाऱ्याच्या भानगडीसाठी का गेला असेना, की गावात कुजबुज. मग एखाद्या रात्री नक्षलवादी त्याला घरातून उठवून नेतात आणि सकाळी तो रस्त्यावर मेलेला सापडतो, अंगाजवळ पत्रक, ‘पोलिसांचा खबरी होता.’ होता की नव्हता हे कुणी तपासत नाही. आता हे प्रकार पुष्कळ कमी झाले, पण ज्यांच्या घरी झाले त्यांना त्या कमी झाल्याचा काय उपयोग.

म्हणून मालिका बघताना मी सहाव्या माणसाकडं बघतच नव्हतो. हिम्मतची एक गोष्ट मला आवडली. पेरलेल्या पाचांतला फारूक असो की दुसरा कुणी, त्याची माणसं कुठं आहेत हे त्याला ठाऊक असतं आणि त्यांचा फोन आला तर तो उचलतो. माणूस लटपट्या असेल, घरात खोटारडा असेल, पण पाठवलेल्याला वाऱ्यावर सोडत नाही. माझ्या दृष्टीनं हेरांच्या मुख्याचा पहिला गुण हाच. ऑडिट, संसद, सगळं नंतर.

पण खालची उतरंड बघा. हिम्मतचा माणूस फारूक. फारूक ज्याच्याकडून माहिती काढतो तो कुणाचा? त्याच्या दारात उद्या कुणी आलं तर तो फोन कुणाला लावेल? मालिकेला त्याच्यात रस नाही. पाच एजंटांचे चेहरे लक्षात राहतात, कारण त्यांना चांगले कपडे आणि चांगले संवाद दिलेत. पांदणवाले, तुम्ही विचारता की सहावा नसता तर काय. मी विचारतो की सहावा होता, सापडलाही, तरी तो पकडायला वापरलेल्या सातव्या-आठव्याचं काय? बरोबर निघाला म्हणून माफ, चूक निघाला म्हणून दोषी, हे दोन्ही हिशेब दिल्लीचेच झाले.

अर्जदार

याला उत्तर नाही माझ्याकडं.

कपाशीवाला भाऊ

माह्याकडंबी नाई. पन लेखाकाका, तुमाले एक इचारतो, टाळू नका. तुमी प्रमानपत्र देनारा अधिकारी असते, आन् हिम्मत तुमच्यासमोर येऊन बसला असता. पुरावा नाई, पावत्या नाईत, नुसतं म्हनते सहावा हाय. सही केली असती का नाई?

जुना लेखा विभाग

पहिली तीन-चार वर्षं केली असती. माणसाच्या अंदाजाला तेवढी मुदत द्यावी. पुढं दरवर्षी सहीखाली एक ओळ लिहिली असती, ‘मागील वर्षाच्या तुलनेत नवीन निष्पन्न काय, ते नमूद करावे,’ आणि वेगळ्या कागदावर, ‘नेमलेल्या माणसांना परत आणण्याची व्यवस्था काय?’ जंगलपट्टींचं वाचून आता त्यात ‘व त्यांना मदत करणाऱ्यांची’ एवढं वाढवलं असतं.

कपाशीवाला भाऊ

आन् त्यानं उत्तर देल्लं नसतं तं?

जुना लेखा विभाग

तर पैसे थांबवले असते. मग माझी बदली झाली असती, आणि माझ्या जागी आलेल्यानं सही केली असती.