मदत हवी आहे : कव्हर लेटरमध्ये नोकरीतील खंडाचा उल्लेख कुठे करावा?

पुण्यातील एका खासगी कंपनीने लेखापाल पदासाठी बायोडेटासोबत एक पानी कव्हर लेटर ईमेलने मागवले आहे. टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), जीएसटीआर-१ व ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे आणि टीडीएसची (उगमस्थानी करकपातीची) तिमाही विवरणपत्रे ही कामे मी स्वतंत्रपणे सांभाळली आहेत; मात्र वडिलांच्या आजारपणामुळे २०२३ पासून नोकरी केलेली नाही. खंडाचे कारण सुरुवातीलाच लिहिले, तर पत्र विनवणीसारखे वाटते. वगळले, तर बायोडेटातील तारखा पाहून शंका येणारच. इंटरनेटवरचे तयार साचे सगळ्यांचे सारखेच असल्याने ते नकोत. भरतीचे काम करणाऱ्या सभासदांनी कृपया सांगावे : जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या विवरणाशी) खरेदीनोंदींचा ताळमेळ घालून सुटलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) शोधल्याचे उदाहरण आधी देऊन खंड शेवटी एका वाक्यात लिहावा, की तो विषय मुलाखतीसाठीच ठेवावा?