युटिल्स फोल्डर सगळ्यांचा एकच, की प्रत्येक कंपोनंटचा आपापला डबा?

घोडबंदरकर:
काल ऑफिसात पुन्हा तोच वाद झाला म्हणून इथे टाकतोय. आमचं बुकिंगचं ॲप रिॲक्टमधे (स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आहे आणि टीमचा नियम असा की कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा एक सुटा तुकडा, स्वतःपुरता हवा, इथून उचलला आणि दुसऱ्या प्रोजेक्टात ठेवला तरी चालला पाहिजे. आणि प्रत्यक्षात सगळेच्या सगळे एका युटिल्स फाइलच्या (सगळ्यांना लागणारी छोटी फंक्शनं एकत्र) जिवावर जगतायत. त्यात रक्कम दाखवायचं एक फंक्शन आहे, सुरुवातीला दोन ओळींचं होतं, जावास्क्रिप्टच्या तयार इंटल नंबरफॉरमॅटला एन-आयएन (भारतातली इंग्रजी) दिलं की 1,50,000 असे लाखाचे स्वल्पविराम आपोआप पडतात, विषय संपला. मग कुणाला रुपयांपुढचे पैसे नको होते, कुणाला शून्याच्या जागी 'मोफत' हवं होतं, कुणाला रुपयाचं चिन्ह खुपायला लागलं, आता त्याला सहा पॅरामीटर (बाहेरून द्यायच्या सूचना) आहेत आणि त्यातले तीन नुसते ट्रू-फॉल्स. गेल्या महिन्यात एकाने पावतीसाठी त्यातलं राउंडिंग बदललं आणि तिकडे कार्टची बेरीज एक रुपयाने चुकायला लागली. कार्टला कुणी हातसुद्धा लावला नव्हता! दोन ओळींचं फंक्शन असेल तर सरळ कंपोनंटच्या फोल्डरात कॉपी करा, असं माझं म्हणणं.

ऐरोली_स्लो_लोकल:
कॉपी करायला काय जातंय दादा, निस्तरायला कोण बसतं? आमच्याकडे तारीख सर्व्हरला पाठवायचं फंक्शन पाच कंपोनंटमधे कॉपी केलेलं. रात्री बाराची लोकल वेळ घेऊन टू-आयएसओ-स्ट्रिंग करायचं (ते वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलून देतं) आणि पहिली दहा अक्षरं कापायची. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे 1 एप्रिल निवडला की जातो 31 मार्च. पावती थेट मागच्या आर्थिक वर्षात!! बग सापडला, चार ठिकाणी फिक्स झाला, पाचवा कंपोनंट कुणाच्या लक्षातच नाही, तो अकाउंट्सवाल्या मॅडमनी शोधून दिला. एका फाइलीत असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

घोडबंदरकर:
@ऐरोली ते तारखेचं मान्य, कारण तिथे बरोबर उत्तर एकच आहे. रुपये कसे दाखवायचे हे पावती, कार्ट आणि प्रॉडक्ट कार्ड यांचं वेगवेगळं असू शकतं ना. आज तिघांचा कोड सारखा दिसतो म्हणून त्यांची मोट बांधायची हे काही पटत नाही.

तीन_हात_नाका:
शेअर करण्याची हौस किती महागात जाते ते 2016 च्या मार्चमधे बघितलंय की सगळ्यांनी. लेफ्ट-पॅड, 11 ओळींचं पॅकेज, लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजचं सार्वजनिक कोठार) काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेल्यांचे जगभर बिल्ड (ॲप तयार करायची प्रक्रिया) कोसळले. आणि तारखांची लायब्ररी मोमेंट विसरू नका, एक तारीख फॉरमॅट करायला घ्यायचं आणि अख्खी लायब्ररी बंडलात (ब्राउझरला जाणाऱ्या फाइलीत) येऊन बसते, ट्री शेकिंगचा (न वापरलेला कोड गाळण्याचा) काही उपयोग नाही. घरी पाहुणा बोलावला तर तो वऱ्हाड घेऊन आला, तसला प्रकार.

ऐरोली_स्लो_लोकल:
लेफ्ट-पॅड बाहेरचं होतं रे, आपली स्वतःची युटिल्स फाइल कोण पळवून नेणार? उलट जीएसटी आठवा. 22 सप्टेंबर 2025 ला 12 आणि 28 टक्क्यांचे स्लॅब (तंबाखू वगैरे सोडून) गेले, तेव्हा ज्यांनी कराचं गणित कंपोनंटमधे कॉपी केलेलं त्यांनी रात्रभर 0.12 सर्च केलं असणार.

महापे_नाइट_शिफ्ट:
कराचा दर फ्रंटएंडमधे (ब्राउझरात चालणाऱ्या कोडात) लिहिणाऱ्याला आधी चहा पाजा आणि मग समजवा. दर सर्व्हरवरून यायला हवा 🙏 बाकी मूळ प्रश्नावर, फंक्शन प्रॉप म्हणून (कंपोनंट वापरताना वरून दिलेली गोष्ट) बाहेरून द्या की. कंपोनंटला युटिल्सचा पत्ताच माहीत नको, टेस्ट करतानाही खोटं फंक्शन देता येतं.

घोडबंदरकर:
ते करून बघितलं. तिकिटाच्या एका कार्डाला पाच फंक्शन प्रॉप झाले, आणि ते तीन मजले वरून खाली पोचवायचे, मधल्या कंपोनंटांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ते नुसते हमाल.

महापे_नाइट_शिफ्ट:
मग एकच प्रॉप ज्याचं वागणं खरंच बदलतं तो दे, आणि बाकीचे डिफॉल्ट ठेव. पाचही कशाला?

घोडबंदरकर:
हम्म. रक्कमवालं तसं जमेल. तारखेचं सगळ्यांसाठी एकाच फाइलीत ठेवतो, टेस्टसकट, आणि त्यात 1 एप्रिलची केस पहिली घालतो. ते सहा पॅरामीटरवालं मात्र सोमवारी उडवतोय, कोण काय म्हणायचं ते म्हणू दे.

ऐरोली_स्लो_लोकल:
उडव, पण आधी ते कुठे कुठे इंपोर्ट झालंय (किती फाइलींनी वापरायला घेतलंय) ते मोजून इथे टाक.

घोडबंदरकर:
मोजलं. 43. सोमवार राहू दे, महिनाअखेर बघू 😅