गाडीच्या धंद्यात गेलेली वर्षं : सातारा-सांगलीकरांनो, आपापले अनुभव लिहा

मी साताऱ्यात आयटीआयला मोटर मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड शिकवायचो. २९ वर्षं शिकवला. गेल्या महिन्यात लोणंदच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली आणि बॉनेट उघडायला आला तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. डोकं पूर्ण पांढरं झालेलं. मला किल्ली नुसती ऑन करायला सांगितली, मागच्या सीटपाशी कान नेला आणि म्हणाला, "सर, टाकीतला पंप बोलत नाही." फ्यूज बदलला, गाडी सुरू.

हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. आमच्या वेळच्या अभ्यासक्रमात टाकीतला इलेक्ट्रिक पंपच नव्हता. ते त्याला कुणी शिकवलं हे विचारायचं राहून गेलं, आणि तेव्हापासून मनात घोळतंय. म्हणून हा धागा. गॅरेज असो, कारखाना असो, स्टिअरिंग असो की स्पेअरचं दुकान, पहिला पाना हातात कुणी दिला आणि पुस्तकात नसलेलं काय हाताला, कानाला लागलं, ते लिहा. मोठं लिहा, छोटं लिहा.

स्कूटर मेकॅनिक, सातारा

सर, मी १९७९ साली चौदाव्या वर्षी गॅरेजात लागलो. आयटीआय वगैरे नाही. पहिले सहा महिने रॉकेलमध्ये पार्ट धुणं आणि वस्तादांना चहा आणणं. संध्याकाळी लाकडाचा भुसा हाताला चोळून काळं काढायचं, तरी नखात राहायचंच. आई त्या हातावर भाकरी ठेवताना एकदा बघायची, बोलायची काही नाही.

तेव्हा साताऱ्यात स्कूटर म्हणजे प्रिया. आपल्याच एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्समध्ये व्हायची. १९७५ ला बजाज ऑटो आणि सरकारी महामंडळानं मिळून काढलेली कंपनी. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. गाडी मिळाल्यावर माणूस आधी देवाला जायचा आणि मग आमच्याकडं यायचा, मॅट आणि स्टेपनी कव्हर बसवायला.

वस्तादांनी शिकवलेली पहिली विद्या म्हणजे प्लग वाचणं. काढलेला प्लग काळा आणि ओला असला तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ऑइल जास्त पडलंय. पांढरा पडला असेल तर हवा जास्त, इंजिन तापतंय, पिस्टन धरेल. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला की हात लावायचा नाही. पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली ऑइल मिसळायचं हे प्रमाण, पण गिऱ्हाईक मायेनं जास्त ओतायचं, "इंजनाला चांगलं" म्हणून. मग सायलेन्सर चोंदायचा. रविवारी सकाळी गॅरेजच्या मागं आम्ही सायलेन्सर जाळायचो, आतला कार्बन झटकून परत बसवायचो. तो वास अजून कुठं आला तर मी थांबतो.

शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक मोटरसायकली आल्या आणि दहा-पंधरा वर्षांत स्कूटर आटली. मी नवीन गाड्या शिकलो, पोटापुरतं मिळालं. पण प्रियाचं इंजिन मी अंधारात खोलून जोडू शकतो, इतकं नवीन एकाही गाडीचं जमलं नाही. आजही एक प्रिया दारात उभी आहे. तिसऱ्या गिअरला गिअर सुटतो, म्हणजे गिअर धरून ठेवणारा फुलीसारखा पार्ट, क्रॉस, झिजलाय. पुण्यापर्यंत विचारलं, मिळत नाही. कुणाकडं असेल तर सांगा.

पंप-नोझल, मिरज

आमचं काम डिझेल पंप आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचं. पंपातला दट्ट्या म्हणजे प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल, यांच्यातली फट काही मायक्रॉनची, म्हणून खोलीत पंखा नाही, फडकं नाही. सुती फडक्याचा एक धागा गेला तरी पंप जाम. उन्हाळ्यात दार लावून घामानं निथळत बसायचं.

नोझल टेस्टरवर लावून हँडल मारलं की चांगलं नोझल "चर्र चर्र" बोलतं आणि फवारा धुरासारखा निघतो. थेंब गळला, आवाज भरडा आला, की सीट खराब. गेज बघायच्या आधी आवाजानंच कळतं. वस्तादांची एकच कडक शिस्त होती, फवाऱ्यापुढं हात न्यायचा नाही. जुन्या नोझललासुद्धा दोनशे बारच्या आसपास दाब असतो, डिझेल कातडी फोडून आत जातं आणि वरून सुईएवढंच दिसतं. माझ्या शेजारच्या पोरानं नेला. त्याचं बोट गेलं, तो आता रसवंती चालवतो.

कॉमन रेल ही डिझेल फवारायची नवी पद्धत आल्यावर दाब हजार बारच्या वर गेला. ते मशीन घ्यायची माझी ऐपत नव्हती. २०१४ ला दुकान बंद केलं. ट्रॅक्टरवाले अजून घरी नोझल घेऊन येतात, ती करतो.

क्रँकशाफ्ट लाइन, सातारा एमआयडीसी

थोडक्यात लिहितो. बावीस वर्षं तपासणीला आहे. अंधाऱ्या केबिनमध्ये क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला, चुंबक द्यायचा, चमकणारी पावडर मिसळलेलं पाणी सोडायचं आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली फिरवायचा. तडा असला तर केसाएवढी हिरवी रेघ उजळते. आठ तास हेच. मंदीत २००९ ला ठेक्यावरची माझ्या पाळीतली अकरा पोरं एका दिवसात घरी बसवली. मी कायम होतो म्हणून राहिलो. त्यांच्यापैकी तिघांना काम मीच शिकवलं होतं, आणि त्यातल्या एकाची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नव्हतो.

धागाकर्ता

लिहिलंत हे बरं केलंत. त्या पोराचा पत्ता लागला तर जरूर कळवा.

वडाप, कराड-ढेबेवाडी

वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, ट्रॅक्स जीप चालवली, सतरा वर्षं. एसटी नसायची त्या वेळेला आमचीच गाडी. बाजाराच्या दिवशी आत माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि पोती. नियमात बसत नव्हतं हे मान्य, पण रात्री अकराला बाळंतीण घेऊन कराडला जायला दुसरं काय होतं? अशा चार फेऱ्या मी केल्या, पैसे एकीचेही घेतले नाहीत.

गाडी शिकवली चुलत्यानं, कुंभार्ली घाटात. "ज्या गिअरात चढली त्याच गिअरात उतरव," एवढंच. नुसता ब्रेक धरून उतरलं की ब्रेकचं लायनिंग तापतं, जळका वास येतो, आणि वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. सतरा वर्षांत मला तो वास एकदाच आला.

स्पेअर पार्टचं दुकान, मिरज

मी बाईमाणूस इथं काय लिहिणार असं वाटलं, पण सरांनी दुकानाचंही नाव घेतलंय म्हणून लिहिते.

१९९८ ला आमचे हे अचानक गेले. दोन मुलं लहान, दुकानावर उधारीचा माल. दिरांनी दुकान विकायचा विचार केला होता. सासूबाई म्हणाल्या, "आधी तिला वर्षभर बसू दे." त्या एका वाक्यावर माझं पुढचं आयुष्य उभं आहे.

पहिले दोन महिने गिऱ्हाईक यायचं, मला बघून विचारायचं, "मालक कुठायत?" आणि निघून जायचं. रात्री मुलं झोपल्यावर मी रॅकवरचे डबे उतरवून एकेक पार्ट हातात घेऊन बसायची. बेअरिंगचं नंबराचं गणित मला असंच सापडलं. ६२०४ म्हणजे शेवटच्या चारला पाचनं गुणायचं, आतलं भोक वीस मिलीमीटर. ६२०५ म्हणजे पंचवीस. व्हर्नियर लावून पन्नास बेअरिंगं मोजली, गणित बरोबर आलं. त्या रात्री मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

मग एक ट्रॅक्टरवाले पाटील आले, झिजून नंबर पुसलेलं बेअरिंग घेऊन. चार दुकानं फिरले होते. मी मोजलं, काढून दिलं, म्हटलं बसलं नाही तर परत आणा. आठ दिवसांनी ते आले ते दुसऱ्या दोघांना घेऊन, आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, माल दाखवा." मालक कुठायत हा प्रश्न त्या दिवशी संपला.

नकली मालाचा मोह खूप झाला. डबा तोच, शिक्का तोच, किंमत निम्मी. पण ब्रेकचा पार्ट नकली विकायचा नाही हे मी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. गाडीत कुणाची तरी पोरं बसलेली असतात.

गॅरेज, सांगली

कोल्हापूर रोडला माझं गॅरेज. २००५ च्या पुराची रेघ मी भिंतीवर ऑइलपेंटनं मारून ठेवली होती. ऑगस्ट २०१९ ला पाणी वाढायला लागलं तेव्हा चालत्या गाड्या विश्रामबागला हलवल्या. पाच गाड्यांची इंजिनं उघडी होती, त्या हलेनात. हत्यारं, स्कॅनर, गिऱ्हाइकांचे पार्ट, सगळं त्या रेघेच्या दोन फूट वर रचलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. रेघही बुडाली आणि वरचे दोन फूटही.

घरात बसून मी गिऱ्हाइकांना एकच फोन करत होतो, गाडी बुडाली असेल तर किल्ली फिरवू नका. बॅटरीची वायर काढा आणि थांबा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्यांचे प्लग काढून पान्यानं इंजिन हातानं फिरवलं, पाणी पिचकारीसारखं उडालं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं, ते दोनदा बदललं, आणि इंजिनं वाचली. एका मास्तरांनी फोन यायच्या आधीच स्टार्टर मारला होता. रॉड वाकला, ब्लॉक फुटला. विमावाले म्हणाले, हे पुराचं नुकसान नव्हे, तुम्ही चालू केली म्हणून झालं. मास्तरांनी ती गाडी निवृत्तीच्या पैशातून घेतली होती. मजुरी मी घेतली नाही, पण पार्टचे पैसे त्यांना भरावेच लागले, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

वस्तादांनी जाताना मला दिलेला रिंग पान्यांचा संच गाळात सापडला. आठ दिवस डिझेलमध्ये ठेवला, ब्रशनं घासला. रोज तोच वापरतो. १२-१३ चा मात्र सापडला नाही. गॅरेज परत उभं करताना फरशी फोडली, तेव्हाही शोधला.

स्पेअर पार्टचं दुकान, मिरज

साताऱ्याचे स्कूटरवाले भाऊ, तुमचा क्रॉसचा प्रश्न आत्ता वाचला आणि माळ्यावर चढून आले. आमच्या ह्यांच्या वेळच्या डब्यात दोन आहेत, तेलकागदात गुंडाळलेले, गंज नाही. जुना क्रॉस घेऊनच या, मापं जुळवून देते. मंगळवारी दुकान बंद असतं.